पायाला बांधलेली चिठ्ठी

एखादा दुर्मिळ पक्षी दिसला असे कोणी सांगितले की पक्षिनिरीक्षकांच्या घोळक्यातून लगेच तीन प्रश्न येतात. कुठे? कधी? आणि पाहिला कोणी? नवख्याला ही उलटतपासणी वाटते. पण या रिवाजाचे कूळ दीडशे वर्षांहून जुने आहे आणि ते मेलेल्या पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने बांधलेल्या एका चिठ्ठीपर्यंत जाऊन पोचते.

एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखायचा म्हणजे आधी तो पाडायचा. मग कातडे सोलायचे, आतून सोमल घातलेला साबण चोळायचा, कापूस भरायचा, पोट शिवायचे आणि पायाला चिठ्ठी बांधायची. तिच्यावर ठिकाण, तारीख, नर की मादी आणि गोळा करणाऱ्याचे नाव. चिठ्ठी हरवली तर उरते ती दिवाणखान्यातली शोभेची वस्तू. शास्त्राला तिचा काडीचा उपयोग नाही.

हिंदुस्थानात या चिठ्ठ्यांचा सर्वांत मोठा संग्रह केला ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. शालेय पुस्तकात ते काँग्रेसचे संस्थापक म्हणून भेटतात. पक्ष्यांच्या जगात ते त्याआधीच बडे प्रस्थ होते. सिमल्यातल्या त्यांच्या घरी देशभरातून कातडी येत. त्यासाठी त्यांनी अधिकाऱ्यांचे आणि हौशी शिकाऱ्यांचे जाळे उभे केले होते आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिकही चालवले होते. पुढे नोकराने त्यांची हस्तलिखिते रद्दीच्या भावाने बाजारात विकली. ह्यूम यांचे मन पक्ष्यांतून उडाले आणि १८८५ साली सगळा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेला.

या जाळ्यातला एक दुवा म्हणजे एफ. आर. ब्लूइट. डिसेंबर १८७२ मध्ये त्यांनी आजच्या छत्तीसगडातल्या बसना-फुलझर भागात एक छोटे घुबड मिळवले. ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे वर्णन छापले आणि ब्लूइटचे नाव त्याला दिले. मराठीत तो रानपिंगळा. पुढचे नमुने आले ते मुख्यतः आपल्या खानदेशातून. जेम्स डेव्हिडसन हा मुलकी अधिकारी शहादा-तळोद्याच्या बाजूला हिंडायचा. त्याने १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला काही रानपिंगळे मिळवले. १८८४ नंतर मात्र पक्षी नाही, चिठ्ठी नाही, काही नाही.

म्हणजे अगदी काहीच नाही असे नव्हे. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. त्याच्या पायाच्या चिठ्ठीप्रमाणे तो १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवीजवळ मिळाला होता. माइनर्ट्झहागेन म्हणजे साधी असामी नव्हे. सलीम अली १९३७ साली त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्षी शोधत हिंडले होते. अशा माणसाच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? सलीम अली आणि त्यांचे सहकारी डिलन रिप्ले यांनीही पुढे रानपिंगळा शोधून पाहिला. हाती लागला नाही.

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी रानपिंगळ्याची सगळी कातडी पुन्हा टेबलावर घेतली. कातडे भरायची प्रत्येकाची हातोटी वेगळी असते: कापूस किती, टाके कुठे, पंख कसे बांधले. माइनर्ट्झहागेनच्या रानपिंगळ्याचे टाके उसवून पुन्हा घातलेले होते आणि खालचे मूळ काम डेव्हिडसनच्या हाताचे दिसत होते. क्ष-किरणांनीही तेच सांगितले. खानदेशातला पक्षी म्युझियममधून उचलून, नव्याने भरून, त्याच्या पायाला खोटी चिठ्ठी बांधली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ही लबाडी १९९९ साली सविस्तर छापली. माझ्या मते यात पक्षी चोरला हा लहान गुन्हा. चिठ्ठी बदलली हा मोठा. चोरीने म्युझियमचे एक कातडे गेले, खोट्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांना भलत्याच रानात धाडले.

ही चिठ्ठी बाद केली आणि नकाशा साफ झाला. उरली ती फक्त खऱ्या नमुन्यांची ठिकाणे. रासमुसेन आणि त्यांचे साथीदार बेन किंग व डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जुन्या जागी गेले. तिथे काही सापडले नाही, म्हणून खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर तो बसलेला होता. त्यांनी त्याचे फोटो काढले, चित्रफीत घेतली. एकशे तेरा वर्षांनी मिळालेल्या या पुराव्यासाठी कोणालाही गोळी झाडावी लागली नाही.

हा बदल काही एका रात्रीत झाला नव्हता. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांचे १९३४चे पुस्तक, आपल्याकडे सलीम अलींचे १९४१चे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ यांनी बंदुकीऐवजी डोळ्यांनी पक्षी ओळखायला शिकवले. पण डोळ्यांनी केलेली ओळख पटवायला खुणा चोख लागतात. साधा पिंगळा आपल्या ओळखीचा: जुन्या झाडाच्या ढोलीत, वसाहतीच्या कौलाखाली राहणारा, डोक्यावर भरपूर पांढरे ठिपके, दिवस मावळता चिरचिर भांडणारा. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे, छातीवर गडद तपकिरी पट्टा, पोट स्वच्छ पांढरे, शेपटीवर ठळक पांढरे पट्टे, पाय जाडजूड आणि पांढऱ्या पिसांनी मढवलेले. शिवाय तो भरदिवसा उघड्या फांदीवर बसतो आणि शेपटी झटकतो. आधी साधा पिंगळा शंभरदा नीट पाहिलेला असला, तरच दुसरा दिसल्यावर मनात पाल चुकचुकते.

म्हणूनच डोंबिवलीलगतच्या ठाकुर्लीत राहणाऱ्याने या गोष्टीकडे लांबची म्हणून पाहू नये. ऑक्टोबर २०१४ मध्ये रानपिंगळा ठाण्याच्या उंबरठ्यावर, तानसा अभयारण्यात दिसला. तोवर तो सातपुडा-मेळघाटचाच पक्षी समजला जात होता. पश्चिम घाटातली ही पहिली नोंद. ती करणारे कुठल्या परदेशी म्युझियमचे नव्हते, इथलेच पक्षिनिरीक्षक होते, आणि त्यांची नोंद मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली गेली. ठाकुर्लीहून कल्याणला जायचे, कसारा लोकल पकडायची आणि आटगावला उतरायचे, की तानसाचे रान जवळच आहे. हे अंतर इतके कमी असताना तो पक्षी आपल्याला एवढी वर्षे ठाऊक नव्हता, याचे कारण तो लपून बसला होता असे मला वाटत नाही. पिंगळा म्हणून कितीजणांनी त्याच्याकडे पाठ फिरवली असेल!

आज चिठ्ठीची जागा मोबाइलने घेतली आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ साली सुरू केलेल्या ‘ई-बर्ड’वर यादी भरताना ठिकाण आणि तारीख लिहावीच लागते, त्या भागात अपेक्षित नसलेला पक्षी टिपला तर ओळखीच्या खुणा विचारल्या जातात आणि स्वयंसेवक तपासनीस ती नोंद पारखतात. फोटो असला तर उत्तम, पण ठिकाण चुकीचे टाकलेला सुंदर फोटो हा माइनर्ट्झहागेनच्याच पंगतीतला. त्याचा हेतू वाईट होता, आपला नसतो. परिणाम मात्र तोच.

रानपिंगळा आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘संकटग्रस्त’ आहे. तेव्हा डोंबिवली-ठाकुर्लीच्या खाडीवर, तानसात किंवा घरामागच्या पिंपळावर काही वेगळे दिसले तर मोबाइलवरून हाक वाजवून त्याला जवळ बोलावू नका, घरट्याचा पत्ता गटावर टाकू नका. आणि त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, लिहून ठेवा: गाव, तारीख, वेळ, दिसलेल्या खुणा आणि शेवटी तुमचे नाव.