कुर्डुवाडीचा रूळमार्ग आणि मोटरसायकलच्या इंजिनावरची विमाने

बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा मार्च १८९७ मध्ये सुरू झाला. मुंबई–मद्रास मार्गावरचे बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, आणि कापसाची बाजारपेठ बार्शी ही दोन गावे अडीच फूट रुंदीच्या रुळांनी जोडली गेली. पुढे ही गाडी पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिनेच पंढरीला गेल्या. तिचा कर्ता एव्हरार्ड काल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर.

काल्थ्रॉपने सगळा हिशेब वजनापासून मांडला. इंजिन असो की मालडबा, एका ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा नियम. त्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्यात घडलेल्या इंजिनांना ओढणारी आठ चाके आणि मागे भार वाहणारी चार चाके दिली गेली. भार असा वाटला गेल्यामुळे दर यार्डाला अवघे ३० पौंड वजनाचे रूळ पुरले आणि रेल्वे स्वस्तात उभी राहिली.

वजनाचा हाच प्रश्न विमानाच्या आद्य कारागिरांपुढे फार कठोर होऊन आला. मोटारीचे इंजिन पाण्याने थंड होणारे आणि जड. मोटरसायकलचे मात्र वाऱ्यावर थंड होणारे, हलके आणि बाजारात मिळणारे. अमेरिकेतला मोटरसायकलवाला ग्लेन कर्टिस याचे दोन सिलिंडरचे इंजिन १९०४ मध्ये बलूनवीर बाल्डविनच्या हवाई जहाजावर चढले. मोटरसायकलच्या शर्यतींत नाव काढलेल्या अलेस्सांद्रो अंझानीच्या तीन सिलिंडरच्या, सुमारे २५ अश्वशक्तीच्या इंजिनावर फ्रेंच वैमानिक ब्लेरिओने २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडली. त्याच महिन्यात ए. व्ही. रो याचे तीन मजली पंखांचे विमान लंडनजवळ जमिनीवरून उठले. पंखांना तपकिरी कागद लावलेला आणि इंजिन मोटरसायकलींसाठी प्रसिद्ध असलेल्या जॅप कंपनीचे, नऊ अश्वशक्तीचे. घरच्या घरी विमान बांधणाऱ्यांची परंपरा इथूनच धरावी.

मात्र रस्त्यावरचे इंजिन विमानात बसवणे म्हणजे केवळ बोल्ट आवळणे नव्हे. मोटरसायकल पूर्ण ताकदीवर थोडाच वेळ धावते. विमानाला ती ताकद बराच वेळ लागते, म्हणून सिलिंडर तापतात. लहान इंजिनाची ताकद जास्त फेऱ्यांवर मिळते, तर प्रोपेलर सावकाश फिरला तरच हवा नीट रेटतो. त्यामुळे मध्ये पट्टा, साखळी किंवा दातेरी चाके घालून फेरे उतरवावे लागतात. ही जोडणी इंजिनाचे धक्के खाते आणि नेमकी तिथेच निकामी होऊ शकते. शिवाय प्रोपेलर आसाला पुढे खेचतो. मोटरसायकलच्या क्रँकला हा ताण माहीत नसतो, म्हणून तो पेलणारे वेगळे बेअरिंग द्यावे लागते.

काल्थ्रॉप विमानांच्या या जगात आला तो मित्राच्या मृत्यूमुळे. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ इथे या मित्राच्या, वैमानिक चार्ल्स रोल्सच्या, राइट विमानाची शेपटी मोडली आणि तो ठार झाला. दोष इंजिनाचा नव्हता, पण आकाशातून सुखरूप उतरण्याचा उपाय वैमानिकाजवळ नव्हता, हे उघड झाले. काल्थ्रॉपने ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले. ते विमानालाच जोडलेले असे आणि माणूस पडू लागताच दोरीने ओढले जाऊन उघडे. १९१७ मध्ये कॅप्टन क्लाइव्ह कॉलेटने विमानातून, तर शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेतून परतलेल्या टॉमस ऑर्ड-लीसने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारून ते सिद्ध केले. तरी पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट सरसकट मिळाले नाही. त्याचे वजन आणि जागा हे आक्षेप पुढे केले गेले. शत्रूच्या प्रदेशात हेर उतरवण्यासाठी मात्र ते वापरले गेले. इतक्या साध्या साधनाला झालेला हा उशीर अनेक तरुणांच्या जिवावर बेतला.

युद्धानंतर हलक्या विमानांची हौस पुन्हा वाढली. ऑक्टोबर १९२३ मध्ये इंग्लंडमधील लिम इथल्या स्पर्धेत ३९८ सीसीच्या एबीसी इंजिनावर ‘रेन’ हे विमान एका गॅलनमध्ये ८७.५ मैल उडाले. पुढे अल्ट्रालाइट विमानांचा प्रसार झाल्यावर १९८० च्या दशकात अमेरिकेत संपूर्ण विमानच खाली उतरवणारी पॅराशूटे बनू लागली. बंद पडू शकणाऱ्या हलक्या इंजिनामागे बसलेल्या माणसासाठी ती आज अनेक घरगुती विमानांत बसवली जातात.