‘देशाबाहेरून’ या शब्दाची मर्यादा

स्त्रिया व मुले यांच्या अपव्यापारास आळा घालण्यासाठी राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने 1921 साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. 1923 मध्ये भारतीय दंडसंहितेत 366-ब हे कलम आले. 21 वर्षांखालील मुलीस अनैतिक हेतूने देशाबाहेरून ब्रिटिश हिंदुस्थानात आणणे त्यान्वये दंडनीय ठरले.

त्या काळी उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, निजामाच्या राज्यात होते. लगतचे सोलापूर मुंबई इलाख्यात. येथून सोलापुरास नेलेली मुलगी एका राज्याची सीमा ओलांडीत असे. तथापि संस्थानेही ‘हिंदुस्थाना’तच गणली जात असल्याने ती ‘बाहेरून’ आणलेली ठरत नसे. तिच्या रक्षणास इतर कलमांचाच आधार उरे.

1948 मध्ये निजामी राजवट संपली; 1956 मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला. दरम्यान 1950 च्या संविधानाने 23 व्या अनुच्छेदात माणसांचा अपव्यापारच निषिद्ध केला. तेथे सीमेची अट नाही. 2000 च्या पालेर्मो प्रोटोकॉलनेही फसवणूक, बळजबरी व शोषण हेच व्याख्येचे घटक मानले.

यावरून असे दिसते की, सीमेवरील तपासणी ही प्रतिबंधाची शेवटची पायरी होय. नोकरीचे वा विवाहाचे खोटे वचन गावातच दिले जाते. प्रतिबंधाचा आरंभही तेथूनच व्हावयास हवा.