पाळीव ससा ठरावीक चारा खाणे अचानक का बंद करतो?

कालपर्यंत आवडीने खाल्लेल्या घासाला ससा आज तोंड लावत नाही, पण कोथिंबीर दिली की लगेच खातो. घरच्यांना वाटते, सशाचे लाड वाढले. कधी ते खरेही असते. मात्र बऱ्याचदा कारण चाऱ्यात, दातांत किंवा पोटात असते. कारण वेळेत ओळखले नाही तर ससा दगावू शकतो, कारण त्याचे पोट फार काळ रिकामे राहिलेले चालत नाही.

चाऱ्यातच बदल झाला असेल तर

अहिल्यानगर जिल्ह्यात नुसते ‘घास’ म्हटले की बहुतेकांना लसूणघासच आठवतो. राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हा ऊस आणि दुधाचा पट्टा असल्याने तिथे पाळीव सशालाही गाईम्हशींच्या चाऱ्यातलाच घास सहज मिळतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘आर. एल. ८८’ हा लसूणघासाचाच वाण आहे.

घास फुलोऱ्यावर येऊन जून झाला की त्याचे देठ काडीसारखे टणक होतात. ससा मग पाला खातो आणि काड्या टाकतो. कापलेला हिरवा चारा ढीग करून ठेवला तर तो आतून गरम होतो आणि आंबतो, तोही ससा नाकारतो. बुरशी आलेले गवत किंवा औषध फवारलेल्या शेतातला पाला त्याला देऊच नये. उसाच्या वाढ्याची पाने राठ आणि कडेला धारदार असतात. ससा ती खात नसेल तर आग्रह करू नये.

गोडाची सवय

गाजर, केळी, सफरचंद, बिस्कीट, पोळी असे गोड आणि पिठूळ पदार्थ रोज मिळू लागले की ससा गवत सोडतो. अशा वेळी गोड खाणे कमी करावे आणि स्वच्छ वाळलेले गवत सतत समोर ठेवावे. मोठ्या सशाच्या आहारात सर्वाधिक वाटा गवताचा असावा. हरळी त्यासाठी चांगली. नवा चारा एकदम न बदलता आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवावा.

लसूणघास पौष्टिक असला तरी त्यात कॅल्शियम भरपूर असते. ससा जास्तीचे कॅल्शियम लघवीवाटे बाहेर टाकतो आणि त्याचा गाळ मूत्राशयात साचू शकतो. त्यामुळे वाढत्या पिल्लाला घास चालतो, पण मोठ्या सशाचा तो रोजचा मुख्य चारा नसावा.

दात दुखत असतील तर

सशाला २८ दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात. गवत चघळताना ते झिजतात. गवत कमी पडले की दाढांना टोके येतात आणि ती जीभ किंवा गाल कापतात. मग ससा खायला येतो, चारा तोंडात घेतो आणि टाकून देतो. कडक गवत आधी सुटते, मऊ पाला मात्र चालू राहतो. लाळेने ओली झालेली हनुवटी आणि घटलेले वजन ही आणखी लक्षणे. दाढा बाहेरून दिसत नाहीत, त्या पशुवैद्यकालाच तपासाव्या लागतात. घरी नेलकटरने दात कापू नयेत, दात उभा चिरतो.

उन्हाळा आणि पाणी

सशाला घामावाटे अंग थंड करता येत नाही. तो मुख्यतः कानांवाटे उष्णता बाहेर टाकतो. तापमान ३० अंशांच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो आणि खाणे घटते. एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्यात पारा ४० च्या पुढे जातो. पत्र्याखालचा पिंजरा तर अधिकच तापतो. पिंजरा सावलीत हलवावा, शेजारी ओले पोते टांगावे आणि चारा सकाळी लवकर व संध्याकाळी द्यावा. सशाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागते. पाणी कमी पडले तर सुका चारा आधी सुटतो.

सगळेच खाणे थांबले तर

सशाला उलटी होत नाही. त्याचे आतडे सतत तंतुमय चाऱ्यानेच चालते राहते. खाणे थांबले की आतडे मंदावते, वायू साचतो, पोट दुखते आणि दुखण्यामुळे ससा आणखी कमी खातो. १२ तास काहीच खाल्ले नाही, लेंड्या बंद झाल्या किंवा फार बारीक झाल्या, ससा कोपऱ्यात अंग चोरून बसला किंवा दात करकर वाजवू लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याला पशुवैद्यकाकडे न्यावे.

माणसाची औषधे मनाने देऊ नयेत. अमॉक्सिसिलिनसारखे प्रतिजैविक तोंडावाटे दिले तर सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. ससा शेवटचे कधी खाल्ला, काय खाल्ले आणि लेंड्या कशा होत्या, एवढे लिहून नेले तर पशुवैद्यकाला निदान करणे सोपे जाते.