चिल्लर रॉबिनहूड

गेल्या आठवड्यात पार्किंगचा दंड भरला आणि मला एकदम अमेरिकेतलं कीन गाव आठवलं. हे गाव न्यू हॅम्पशायर राज्यात. सरकार जितकं कमी तितकं बरं, असं मानणाऱ्या मंडळींनी २००३ साली मतदान करून हे राज्य निवडलं. देशभरातल्या २०,००० जणांनी बिऱ्हाड हलवून तिथे यायचं, असा बेत! (आमच्या सोसायटीच्या सभेला जिना उतरून पाच माणसं येत नाहीत.)

कीनमध्ये त्यांच्यातले काही जण 'रॉबिनहूड' झाले. मीटरची वेळ संपली की दंडवाल्याच्या आधी धावत जाऊन परक्याच्या गाडीसाठी नाणं टाकायचं आणि काचेवर चिठ्ठी ठेवायची. सरकारचा निषेध म्हणून सरकारच्याच पेटीत पैसे टाकणारे क्रांतिकारक मी तरी दुसरे ऐकलेले नाहीत!

२०१३ मध्ये नगरपालिका कोर्टात गेली. तक्रार नाण्यांची नव्हे. ही मंडळी कॅमेरे घेऊन कर्मचाऱ्यांच्या पाठीस लागतात, टोमणे मारतात, ही होती. २०१५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याचा मान राखत पालिकेचा भरपाईचा दावा फेटाळला.

कायद्याने ठीकच. पण माझा जीव त्या दंडवाल्यापाशी घुटमळतो. दिवसभर मागे कॅमेरा. बिचाऱ्याने मोकळेपणाने नाक तरी कधी खाजवायचं?