वृद्ध व अपंगांचे शासकीय साहाय्य

वार्धक्यामुळे वा अपंगत्वामुळे दीर्घकाळ परावलंबी झालेल्या व्यक्तींच्या निर्वाहाचा आणि शुश्रूषेचा खर्च शासनाने पूर्णतः वा अंशतः सोसण्याची व्यवस्था. भारतात हा भार परंपरेने एकत्र कुटुंबावर असे. कामगार नुकसानभरपाई अधिनियम (१९२३) व राज्य कामगार विमा अधिनियम (१९४८) यांनी मुख्यतः संघटित कामगारांना संरक्षण दिले. शेतमजूर, मच्छीमार इ. बव्हंशी त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने वार्धक्य, आजार व विकलांगता यांबाबत लोकसाहाय्याची तरतूद करण्याचा निदेश दिला. तथापि तो आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत असून न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाही.

उत्तर प्रदेशाने १९५७ मध्ये वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. महाराष्ट्रात १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. पुढे ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ योजनेची जोड मिळाली. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ पासून वृद्धांसाठी दरमहा ७५ रुपये देऊ केले, तर २००९ मध्ये तीव्र अपंगांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. महाराष्ट्राने आपल्या योजनांतील अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये केले.

मुचकुंदी नदीच्या मुखावरील पूर्णगडासारखी किनारी गावे असलेला रत्नागिरी जिल्हा मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यानपिढ्या मनुष्यबळ पुरवीत आला. मुलाने पाठविलेली मनीऑर्डर हेच गावी राहिलेल्या आईबापांचे निवृत्तिवेतन होते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या, हे या स्थलांतराचेच द्योतक होय. १९८२ च्या गिरणी संपानंतर हा आधार क्षीण झाला. शासकीय अनुदानाने ती उणीव काही अंशी भरून निघाली. परंतु अंथरुणास खिळलेल्या माणसास पैशाइतकीच उठवून बसविणाऱ्या, न्हाऊखाऊ घालणाऱ्या हातांचीही गरज असते.

ही गरज ओळखून नेदर्लंड्स (१९६८), जर्मनी (१९९५) व जपान (२०००) या देशांनी दीर्घकालीन शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा सुरू केला. भारतात तशी सार्वत्रिक व्यवस्था नाही. २००७ च्या अधिनियमाने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली, तसेच प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धनांसाठी वृद्धाश्रम उभारण्याची मुभा राज्यांना दिली. प्रत्यक्ष शुश्रूषा मात्र बहुधा घरातील सुना, पत्नी व मुली यांच्याकडेच राहिली असून, त्यांच्या श्रमाची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही.