वेताळ खांद्यावर, कथा कानात : भयकथा ऐकण्याचा इतिहास (धागा)

रात्रीच्या एसटीने नागपूरहून यवतमाळला परतताना मी बहुधा भयकथांची ऑडिओबुके ऐकतो. कळंब मागे पडले की खिडकीबाहेर दिवे विरळ होतात आणि कानातला आवाज अधिक जवळ येतो. मित्र म्हणतात, भयकथा वाचायची असते. ऐकणे ही आळशी माणसाची सोय. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हे मान्य नाही. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

आरंभ पैठणहून करावा लागतो. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त गुणाढ्याची कथा येते. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या दरबारातील हा पंडित एक पैज हरतो आणि संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्हींचा त्याग करतो. उरते ती पैशाची, म्हणजे पिशाचांची मानली गेलेली भाषा. तिच्यात तो सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहितो, तीही स्वतःच्या रक्ताने. राजा ती नाकारतो. मग गुणाढ्य अरण्यात अग्नी पेटवून एकेक पान मोठ्याने वाचतो आणि जाळतो. भोवती पशू चरणे सोडून ऐकत उभे राहतात. त्यांचे मांस शुष्क होते, ते खाऊन राजा आजारी पडतो, आणि चौकशीअंती तो धावत येतो तेव्हा एक लाख श्लोकच उरलेले असतात. ही अर्थात दंतकथा आहे. पण ग्रंथाचे पहिले रसिक वाचक नव्हेत, श्रोते होते, असे तिच्या रचणाऱ्याला वाटले, ही नोंद महत्त्वाची.

याच ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. आपण लहानपणापासून ‘राजा विक्रम’ म्हणत आलो. सोमदेवाकडे त्याचे नाव त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची नगरी आहे गोदावरीकाठचे प्रतिष्ठान. क्षान्तिशील नावाचा भिक्षू त्याला रोज एक फळ देतो, फळात रत्न दडलेले असते. त्या उपकाराच्या ओझ्याखाली राजा कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात जातो आणि झाडाला लटकलेले प्रेत खांद्यावर घेतो. प्रेतातला वेताळ वाटभर कथा सांगतो. अंधार, लांबचा रस्ता, कानाशी एकच आवाज. माझ्या एसटीतल्या रात्रीहून हे फारसे वेगळे नाही!

फरक एवढाच की हा निवेदक शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर मस्तक फुटेल; बोललास तर मी पुन्हा झाडावर. चोविसाव्या प्रश्नाला राजा निरुत्तर होतो, तेव्हा प्रसन्न झालेला वेताळ खरे सांगतो: तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे, साष्टांग नमस्कार घाल म्हणाला तर ‘आधी करून दाखवा’ म्हण. राजा तसेच करतो आणि वाकलेल्या भिक्षूचे मस्तक उडवतो.

म्हणजे कथेत भूत प्रामाणिक आहे आणि घातकी आहे तो मंत्रतंत्र जाणणारा माणूस.

या कथा मराठी गद्यात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 1830 साली आणल्या. पुढचा मुद्रणाचा काळ मी भरभर ओलांडतो, कारण मला विसाव्या शतकातील दोन लेखकांविषयी बोलायचे आहे. नारायण धारप (1925–2008) आणि रत्नाकर मतकरी (1938–2020). मतकरींची पहिली एकांकिका ‘वेडी माणसं’ 1955 साली मुंबई आकाशवाणीवरून सादर झाली. लेखकाची सुरुवातच कानासाठी लिहिण्यातून झाली, हे त्यांच्या गूढकथा ऐकताना जाणवते: वाक्ये लहान, आणि धक्का शेवटच्या ओळीत. धारपांचे तसे नाही. ते घर, जिना, ओलसर भिंत यांचे सावकाश वर्णन करतात. वाचताना मी ती पाने चाळून पुढे गेलो आहे, ऐकताना मात्र पुढे जाता येत नाही. धारप ऐकावेत, हे माझे मत तिथून बनले. त्यांच्या ‘समर्थ’ कथांत मात्र तारणारा आहे हे आधीच ठाऊक असते, म्हणून मी त्या निवांत झोपण्यापूर्वी ऐकतो. मतकरी झोपण्यापूर्वी नाही.

2017 च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात आले आणि मराठी ऑडिओबुके मोबाइलवर सहज मिळू लागली. त्याआधीपासून आणि त्यानंतरही यूट्यूबवर आणखी एक प्रकार फोफावला: ‘सत्य अनुभव’. करणी, भानामती, गुप्तधन. मागे घुबडाचा आवाज आणि शेवटी ‘अमुक मांत्रिकाने गुण दिला’. माझा विरोध या प्रकाराला आहे, भयकथेला नाही.

कारण मी यवतमाळचा आहे. 2012 साली आमच्या जिल्ह्यात एका लहान मुलीचा नरबळी म्हणून खून झाला. पुढच्याच वर्षी, 20 ऑगस्टला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. त्याच्या लांबलचक अधिकृत नावात ‘नरबळी’ हाच शब्द सर्वप्रथम येतो.

आमचे आबा जागलीवर चकव्याच्या गोष्टी सांगत. गोष्ट रंगवून सांगत, आम्ही लहान मुले घोंगडीत शिरत असू. पण कुणी ‘त्या बाबाकडे चकव्यावर उतारा मिळतो’ म्हटले की आबा विचारत, ‘किती घेतो?’

कुणी वेताळ पंचविशी चांगल्या आवाजात ऐकली असेल तर जरूर कळवावे. पार्श्वसंगीत कमी असलेली असावी.