मैदानाबाहेरचे

बाप म्हणायचा, "बाबासायब बॉल लाथाडत बसले आस्ते, तर तुज्या हातात पुस्तक आलं आस्तं का रं?"

मी वस्तीमागच्या मोकळ्या जागेत अनवाणी फुटबॉल खेळून आलेलो असायचो. गुडघे फुटलेले. उत्तर नसायचं. पुढं कॉलेजात गेलो, टीममध्ये नाव द्यायला उभा राहिलो. सरांनी माझ्या पायांकडं पाहिलं. "बूट आहेत?" नव्हते. विषय तिथंच मिटला.

बाप गेला. त्याचा प्रश्न तेवढा मागं राहिला. म्हणून मी कॉलेजातल्या फुटबॉलचा इतिहास शोधायला लागलो. शोधत शोधत अमेरिकेत पोचलो, कारण बाबासाहेबांचं कोलंबिया तिथलं. तुम्ही म्हणाल, गोऱ्यांच्या पोरांनी शंभर वर्षांमागं मारलेल्या गोलाशी आपलं काय देणंघेणं? आहे. ऐका.

१ एप्रिल १९०५. हार्वर्ड विद्यापीठाच्या टीमसमोर हॅवरफर्ड नावाच्या एका छोट्या कॉलेजची टीम उतरली. खेळ आपला नेहमीचा फुटबॉल. अमेरिकन लोक त्याला सॉकर म्हणतात. हॅवरफर्डनं हार्वर्डला १-० हरवलं. अमेरिकन कॉलेजांमधल्या आधुनिक सॉकरची पहिली मॅच म्हणून तिची नोंद होते. त्याच साली कोलंबिया, कॉर्नेल, हार्वर्ड, हॅवरफर्ड आणि पेनसिल्व्हेनिया अशा पाच जणांनी मिळून लीग काढली. लीगचं पहिलं अजिंक्यपद हॅवरफर्डनंच नेलं. मोठ्या नावांच्या विद्यापीठांना लहान कॉलेजनं लोळवलं, हे वाचून मला आधी मजा वाटली. आपल्याला लहानाची बाजू घ्यायची सवय.

मग मी टीमच्या मागं काय होतं ते पाहायला लागलो.

हॅवरफर्ड हे फिलाडेल्फियाजवळचं कॉलेज. १८३३ साली क्वेकर पंथाच्या लोकांनी काढलेलं. क्रिकेटचं वेड असलेलं. तिथं सॉकर रुजवला रिचर्ड गमरी नावाच्या विद्यार्थ्यानं. तो १९०२ साली पदवीधर झाला आणि पुढं अनेक वर्षं हार्वर्डच्या प्रवेश समितीचा प्रमुख होता. खेळ सुरू करणारा माणूस शेवटी फाटकावर बसला, कुणाला आत घ्यायचं ते ठरवायला! ह्यात त्याचा दोष नाही. पण कॉलेजच्या खेळाचं सगळं मर्म मला ह्यातच दिसलं. अकरा गडी मैदानात निवडले जातात, त्याआधी फाटकावर एक निवड झालेली असते. ती स्कोअरबोर्डावर येत नाही.

क्वेकर म्हणजे गुलामगिरीविरुद्ध सगळ्यांत आधी उभं राहिलेल्यांपैकी. १६८८ सालचा त्यांचा निषेध प्रसिद्ध आहे. पण त्याच फिलाडेल्फियातल्या त्यांच्या प्रार्थनागृहात एकोणिसाव्या शतकात काळ्या माणसांसाठी वेगळा बाक असायचा. सेरा डग्लस नावाच्या काळ्या शिक्षिकेनं हे लिहून ठेवलंय. प्रेमानं बोलायचं आणि बाक वेगळा ठेवायचा. आपल्याला हे काय नवीन आहे? आपलीही पोरं वर्गात घरून आणलेल्या गोणपाटावर बसलीच की.

आता हार्वर्डकडं या. तिथं त्या काळी हाताने बॉल धरून एकमेकांच्या अंगावर कोसळायचा अमेरिकन फुटबॉल जोरात होता. आणि १९०५ साली ह्याच हार्वर्डच्या त्या फुटबॉलला शिकवणाऱ्यांत विल्यम हेन्री लुईस नावाचा काळा माणूस होता. आईबाप गुलामीत जन्मलेले. १८९२ आणि १८९३ अशी दोन वर्षं तो सबंध देशाच्या निवडक अकरांत होता. एवढा मोठा खेळाडू. पण १८९३ साली, कायदा शिकत असताना, एका गोऱ्या न्हाव्यानं त्याला दुकानात घ्यायला नकार दिला.

न्हावी! वाचलं आणि मी पुस्तक खाली ठेवलं. गावात आमची डोकी कोण करायचं? आम्हीच, एकमेकांची.

लुईस गप्प बसला नाही. त्यानं खटपट केली आणि मॅसॅच्युसेट्स राज्याचा भेदभावविरोधी कायदा त्याच साली रुंद करून घेतला. मैदानावरच्या टाळ्यांनी त्याला न्हाव्याची खुर्ची मिळाली नाही. ती कायद्यानं मागावी लागली. चवदार तळ्यावर गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

१९०५ च्या हिवाळ्याआधीच त्या अंगावर कोसळायच्या फुटबॉलनं देशभरात किमान १८ पोरांचा जीव घेतला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना बोलावून घेतलं. कोलंबियानं तर तो खेळ बंदच करून टाकला, थेट १९१५ पर्यंत. सॉकर त्याच सुमाराला कॉलेजांत जम धरत होता.

आणि ह्या मधल्या काळात, १९१३ च्या जुलैत, बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार. काही काळानं ते लिव्हिंगस्टन हॉलमध्ये राहायला गेले. त्या हॉलला लागूनच साऊथ फील्ड. खेळायचं मैदान! एका बाजूला मैदान, एका बाजूला ग्रंथालय, आणि मधे हातात मोजून दिलेले दिवस. कोलंबिया तर सॉकर लीगच्या संस्थापकांपैकी. खाली पोरं खेळत असतील, ओरडत असतील. बाबासाहेबांनी एम.ए. केलं १९१५ साली. ९ मे १९१६ ला भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. आणि लंडनला गेले.

बापाचं बोलणं इथं खरं ठरतं. पण अर्धंच.

बाबासाहेब मैदानावर दिसत नाहीत ते खेळ वाईट म्हणून नव्हे. खेळायला फुकटचा वेळ लागतो, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या तरी घामातून साठवावा लागतो. हॅवरफर्डच्या पोरांकडं तो होता. आमच्या घामातून तो नेहमी दुसऱ्याच्याच घरी साठला. बॉलचंच पाहा. मेलेल्या ढोराचं चामडं आमच्या हातात असलं की आम्ही बाटगे. त्याच चामड्याचा बॉल झाला की भल्याभल्यांची पोरं त्याला डोकं लावतात!

पण गोष्ट १९०५ ला थांबत नाही. गुलामी संपल्यावर, १८६७ साली, वॉशिंग्टनमध्ये हॉवर्ड विद्यापीठ निघालं. मुख्यतः काळ्यांचं. हार्वर्ड वेगळं, हे हॉवर्ड. आफ्रिकेतून आणि वेस्ट इंडीजमधून आलेल्या पोरांना घेऊन त्यांनी १९७१ साली कॉलेज सॉकरचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. नंतर पात्रतेचे नियम काढून ते हिसकावून घेतलं गेलं. तीच टीम १९७४ साली एकही मॅच न हरता परत आली आणि अंतिम सामन्यात जादा वेळेमागून जादा वेळ खेळत सेंट लुईसला २-१ हरवून गेली. ते घ्यायची कुणाची छाती झाली नाही. मधल्या १९७२ साली इकडं मुंबईत पँथर उभी राहिली होती. आपण तिकडच्या काळ्या पँथरचं नाव घेतलं. त्यांच्या ह्या पोरांचीही नावं घ्यायला हवी होती.

परवा पुतणी म्हणाली, "काका, कॉलेजच्या टीममध्ये निवड झाली. बूट पाहिजेत. आबा म्हणतात, आधी अभ्यास."

आबा म्हणजे माझा भाऊ. बापाचाच आवाज. त्याला म्हटलं, "बाबासाहेबांकडं तीनच वर्षं होती रे. हिच्याकडं थोडी जास्त आहेत. ती त्यांनीच मिळवून दिलीत."

भाऊ काही बोलला नाही. संध्याकाळी आम्ही दोघं पोरीला घेऊन बुटांच्या दुकानात गेलो.